धापणाऱ्या दिवाणजीचे पाय

मला दमा होता. आज हे वाक्य मी सरळ लिहून टाकतो आहे, पण लढाईच्या वर्षांत साताऱ्यातल्या आमच्या घरी ते मोठ्यानं उच्चारायची बंदी होती. दमा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात क्षय शिरायचा, आणि घरात लग्नाची मुलगी असताना तो शब्द गल्लीत गेला असता तर एकही स्थळ आमच्या दाराची पायरी चढलं नसतं. म्हणून आमच्याकडे दम्याला 'प्रकृती' म्हणत. 'यांना प्रकृती आहे,' असं माझी बायको आल्यागेल्याला सांगायची, जशी काही बाकीच्यांना ती नव्हतीच.

ही प्रकृती मी सांगलीहून आणली. हळदीच्या पेठेत एका अडत्याच्या दुकानी मी बावीस वर्षं दिवाणजी होतो. पोतं फोडलं की पिवळा धुरळा उठायचा तो माझ्या गादीवर, माझ्या टोपीवर आणि उरलेला माझ्या छातीत बसायचा. त्यातून जी काही जागा शिल्लक होती ती मी विड्या ओढून भरून काढली. शेवटी जिना चढताना मध्येच बसायची वेळ आली तेव्हा मालकांनी मला नारळ दिला, शाल दिली, आणि मी बायको व मुलीला घेऊन साताऱ्याला थोरल्या भावाकडे आलो.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली. क्षय नाही, जुना दमा आहे, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि निघताना जोड्यात पाय घालता घालता 'विश्रांती घ्या' एवढे दोन शब्द बोलले. आमचे दादा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले. त्यांच्या हाती दोन शब्द पडले की त्यांचा कायदा व्हायला वेळ लागत नसे. दुसऱ्याच दिवशी माझी खाट माजघरात हलली आणि कलमं जाहीर झाली. मी उठायचं नाही. पाणी हातात यायचं. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. परसात जायचं ते आरामखुर्चीत बसून, आणि खुर्ची दोन गड्यांनी उचलायची. पहिल्या दिवशी मला ते फार बरं वाटलं, हे कबूल करतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गादीखाली बसलो होतो, आणि आता मला गडी उचलत होते.

दोन-तीन महिन्यांत माझं न हलणं ही घराची अब्रू झाली. 'आम्ही यांना तांब्यासुद्धा उचलू देत नाही,' असं बायको म्हणाली की समोरच्या काकू हिरमुसल्या व्हायच्या, कारण त्यांचे यजमान अजून स्वतःच्या हातानं दाढी करायचे. समाचाराला आलेले लोक छातीकडे बघत आणि उपाय सांगत. अडुळसा झाला, आल्याचा रस झाला, मोराच्या पिसाची राख मधातून झाली, एकानं तर दमा जाण्याची म्हणून सिगारेट आणून दिली. ती ओढून मला इतका खोकला आला की आणणाराच आधी पळाला. या सगळ्या काळात धोतराखाली माझ्या पायांचं काय होत होतं ते कोणी पाहिलं नाही. मीही नाही. माणूस आपल्या मांड्या बघायला म्हणून कधी धोतर सारत नाही.

अशात मुलीला स्थळ आलं. सांगलीचं घर, मुलगा मास्तर, माणसं समजूतदार. ते पाहायला येणार म्हणताच दादांनी मला कोट चढवला, शाल पांघरली, खुर्चीत नीट मांडून ठेवलं आणि खोकला आला तर गिळा म्हणून बजावलं. मी उठून उभा राहिलो नाही हे पाहुण्यांच्या लक्षात येणारच होतं. तेव्हा दादांनी, ज्यांनी उभ्या जन्मात कोर्टात खोटी साक्ष नोंदवू दिली नाही, बेधडक सांगितलं, "धाकट्याचा पाय मुरगळला आहे."

पाहुणे हळहळले. मुलगी आत नेऊन दाखवली, पोहे झाले, पसंती झाली. निघताना मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पायाला जपा. आमचं बाकी काही मागणं नाही. लग्नाच्या दिवशी वधूपित्यानं स्वतः, आमचं वऱ्हाड उतरेल त्या जानवशाच्या घरी यावं आणि मुलाला मांडवात न्यावं, एवढी आमच्या घरची रीत सांभाळा." लग्न वैशाखात ठरलं. मध्ये चार महिने होते. मुरगळलेला पाय चार महिन्यांत बरा होतोच, त्यामुळे मला नाही म्हणायला जागा नव्हती. खुर्चीतून गेलो तर पाय खोटा ठरणार होता, पाय खोटा ठरला की छाती उघडी पडणार होती, आणि छाती उघडी पडली की माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडणार होतं.

त्या संध्याकाळी मी कोणाला न सांगता खाटेवरून उठायचा प्रयत्न केला. गुडघे लटपटले आणि मी तिथल्या तिथे खाली बसलो. उचलायला मुलगी धावत आली. दादांनी खोटं बोलून पाय अधू सांगितला होता, आणि पाय खरोखरच गेलेले होते. मला रडू आलं. मुलगी माझा हात धरून तशीच जमिनीवर बसून राहिली.

आठवड्यानं एक जुना ओळखीचा माणूस भेटायला आला. कोरेगावाकडचा हेडी, म्हणजे बैलांचा दलाल. सांगलीच्या बाजाराला आला की आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर घोंगडं टाकायचा, त्यामुळे वीस वर्षांचा स्नेह. तो आला तेव्हा माझी स्वारी खुर्चीतून परसाकडे निघाली होती. तो दारातच थबकला.

"आवं दिवाणजी, ह्ये काय? द्येव हायसा का काय, पालखीत बसाया?"

मी त्याला डॉक्टर, विश्रांती, प्रकृती, सगळं सांगितलं. शेवटी लग्नाचंही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग जवळ येऊन सरळ माझं धोतर वर सारलं आणि दोन्ही हातांनी माझी मांडी दाबून पाहिली. पोटरी दाबली. बाजारात जनावर पाहतात तसंच. पुढचं पाऊल दात बघण्याचं असेल या भीतीनं मी तोंड मिटून घेतलं.

"छाती ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मांडी कुटं गेली?"

"विश्रांतीत गेली," मी म्हणालो.

"बैल धापाया लागला म्हनून त्येला कुनी दावनीला बांधून ठेवतंय व्हय? म्हयना-दोन म्हयनं बांधला की त्येचं पाय जात्यात. पाय गेलं की चार पावलांत धाप. मग लोक म्हंत्यात, छाती गेली. तुमची छाती जेवडी गेली तेवडी गेली, ती काय आता माघारी येत न्हाई. बाकीचं तुमी बसून घालीवलंय."

दादा आतून हे ऐकत होते. त्यांनी बाहेर येऊन, डॉक्टर शिकलेले असतात, असं सांगितलं. हेडी म्हणाला, "व्हय की. पर त्यांनी धापनारा बैल कवा इकलाय?" त्यावर दादांना कायद्यात काही सापडेना. ते आत जाऊन झोपले.

दुपारी दादा दोन तास झोपत. माझी सगळी तालीम त्या दोन तासांत झाली. हेडी दर आठवड्याला बाजारच्या दिवशी यायचा आणि पुढच्या आठवड्याचं काम नेमून द्यायचा. पहिला आठवडा फक्त खाटेवरून उठायचं आणि बसायचं, हातानं टेकू न घेता. पाच वेळा. बायकोला हे समजल्यावर तिनं कपाळाला हात लावला, कारण पन्नाशीच्या माणसाला उठाबशा काढायला लावणं ही शाळेतली शिक्षा होती आणि आपल्या नवऱ्यानं असं केलं तरी काय, हे तिला कळेना. मग मुलीनं जुन्या परकराच्या दोन पिशव्या शिवल्या, त्यांत कृष्णेची वाळू भरली, आणि त्या माझ्या घोट्यांना बांधून खाटेच्या कडेवर बसवून मला पाय सरळ उचलायला लावले. ती मोजायची. मी आठावर थांबलो की म्हणायची, "बाबा, जानवशाचं घर खाली उतारावर आहे. म्हणजे येताना चढ आहे." मी नववा काढायचो.

चालण्याचे नियम हेडीनं एकदाच सांगितले. "बैलानं तोंड उगडायच्या आदी थांबायचं. थांबायचं म्हंजे बसायचं न्हाई. भितीला हात लावून वाकून हुबं ऱ्हायचं. आन् दम सोडताना, बैल पानी पितुया तवा आपन शीळ घालतो न्हवं, तशी घालायची. आवाज नगं. नुसती हवा. नाकानं घ्या, शिळंनं सोडा. घाई न्हाई."

या शिळेनं माझी अब्रू गेली. नुसती हवा सोडायची ठरवली तरी अधूनमधून खरी शीळ वाजायचीच. परसात बायका धुणी धूत असताना एक प्रौढ गृहस्थ भिंतीला धरून शीळ घालत फिरतो आहे, ही बातमी गल्लीभर झाली. समोरच्या काकूंनी आपल्या सुनेला त्या बाजूच्या दोरीवर कपडे वाळत घालायची मनाई केली. मला खुलासा करता येईना, कारण खुलासा केला तर दमा बाहेर पडणार होता. तेव्हा मी चवचाल ठरणं पत्करलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याबद्दल कोणाला असा संशय आला होता, आणि खरं सांगायचं तर मला ते अगदीच वाईट वाटलं नाही.

महिन्याभरात मी आडापर्यंत जाऊन येऊ लागलो. तेवढ्यात माझ्या डोक्यात वारं शिरलं. शेजारी औंधाकडचे एक गृहस्थ राहायला आले होते. तिकडे शाळेतली पोरंसुद्धा सूर्यनमस्कार घालतात, आणि हे गृहस्थ तर बोलता बोलता वाकायचे. बाराच्या बारा घाला, दमा पळतो की नाही बघा, असं त्यांनी मला भरीला घातलं. मी तीन घातले. चौथ्याला खाली गेलो तो वर आलोच नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीतून मांजराची पिल्लं ओरडावी तसे आवाज येऊ लागले, आणि त्या आवाजानं दादा झोपेतून उठले.

झालं. डॉक्टर आले, सुई टोचली गेली, कलमं दुप्पट झाली. दादांनी माझ्या वहाणा कुलपात ठेवल्या. माझ्यासारखा माणूस अनवाणी घराबाहेर जाणार नाही, हा त्यांचा कोर्टातल्या अनुभवाचा निष्कर्ष होता. शिवाय त्यांनी लग्नाचा तोडगाही काढून ठेवला. मी त्या दिवशी अनुष्ठानाला बसलो आहे असं जाहीर करायचं. देवघरात मला पाटावर बसवायचं, हातात माळ द्यायची, आणि जानवशाच्या घरी दादांनी जायचं. माझ्या मुलीचं लग्न, आणि मी देवघरात खोटा जप करीत खोकला गिळत बसायचं! इतकी वर्षं दादांपुढे मी मान वर केली नव्हती. त्या दिवशी मी ओरडलो. ओरडून झाल्यावर पुष्कळ वेळ धापा टाकल्या, पण ओरडलो.

हेडी आला आणि त्यानं मला खरपूस झापलं. "एका दिसात जत्रा करायची व्हय दिवाणजी? लय हौस आली? आता माघारी पाच उठाबश्यांवर चला." मी पाचवर आलो. मग आठ. मग वाळूच्या पिशव्या. मुलगी रोज दिवस मोजून सांगायची. "बाबा, अजून पस्तीस दिवस. बाबा, अजून वीस." कंटाळून मी आडवा झालो की ती उंबऱ्यावर बसून हळूच म्हणायची, "त्यांना कळलं तर काय होईल हो?" मी उठून परसात जायचो. वहाणा नव्हत्याच, अनवाणीच जायचो. चैत्र संपता संपता मी मागच्या दारानं बाहेर पडून उताराच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागलो. वाटेत चार ठिकाणी थांबत होतो, पण बसत नव्हतो. छाती पूर्वीसारखीच वाजत होती. डॉक्टरांनी नळी लावून सांगितलं की आत काही फरक नाही. नव्हताच. फरक धोतराखाली पडला होता, आणि तिथे नळी लावायची पद्धत नाही.

लग्नाची मंडळी सांगलीहून आली ती कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून. चढावर ती मोटार माझ्यासारखीच धापत आली, आणि गावातल्या पोरांनी तिला मागून ढकललं. मला तिच्याबद्दल आपुलकी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी माझ्या धुळकट तळव्यांकडे एकदा पाहिलं आणि कुलूप काढून माझ्या वहाणा समोर ठेवल्या. मी रुमाल बांधला, उपरणं घेतलं आणि उतरून जानवशाच्या घरी गेलो. मुलाला कुंकू लावलं, नारळ दिला, आणि वर निघालो. पुढे सनई-चौघडा, मागे मी, माझ्या शेजारी व्याही, मागे घोड्यावर जावई. वाजंत्र्यांना हेडीनं आधीच गाठून पढवलं होतं. प्रत्येक वळणावर ते थांबले आणि उभ्या उभ्या एकेक चीज पूर्ण वाजवून मगच पुढे सरकले. तेवढ्यात मी जवळच्या भिंतीला हात लावून, चीज ऐकत असल्यासारखी मान हलवत, दम सोडत होतो. सांगलीची मंडळी खूश झाली. साताऱ्याकडे वराला असा वळणावळणावर मान देतात, हे त्यांना नवीन होतं. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी तर ही चाल आपल्याकडेही सुरू करायला हवी असं बोलून दाखवलं. पुढे ती सांगलीत दोन घरी सुरू झाल्याचं मी ऐकलं.

तिसऱ्या वळणावर मला वाटलं, संपलं. पिंढऱ्या भरून आल्या होत्या, तोंड उघडायला लागलं होतं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाजंत्र्यांना म्हणाले, "वा! तीच चीज पुन्हा एकदा होऊ द्या." पुन्हा झाली. मी मांडवात पोचलो तेव्हा अंगावरचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. अक्षता पडल्या. मला दिसलं ते फक्त अंतरपाटावरून डोकावणारं मुलीचं कुंकू. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

जेवणं आटोपल्यावर व्याही बैठकीवर माझ्याशेजारी येऊन टेकले. पानाला चुना लावत म्हणाले, "पाय कसा आहे आता?"

"कुठला पाय?" मी विसरूनच गेलो होतो.

"मुरगळलेला."

"हां हां. बराय."

ते हसले. "अहो व्याही, दमा आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पाहायला आलो होतो ना, तेव्हा तुमच्या मुलीनं स्वयंपाकघरात आमच्या मंडळींना डॉक्टरांची चिठ्ठीच दाखवली. म्हणाली, पायाचं खोटं आहे, क्षय नाही, दमा आहे, नको असेल तर आत्ताच सांगा. मंडळींनी ते तिथेच माझ्या कानावर घातलं, आणि इतकं खरं बोलणारी सून मिळते म्हणून आम्ही उलट होकार पक्का केला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी चार महिने..."

"मागून तिचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की बाबा या धास्तीनं उठून चालायला लागले आहेत. लग्न होईपर्यंत तेवढी त्यांची धास्ती मोडू नका."

आधी मला राग आला, तो खरा. पाच उठाबशा, आठ उठाबशा, वाळू, शीळ, गल्लीतली बेअब्रू, आणि हे सगळं मोजायला बसलेली ती! मी उठलो. माणसं ओलांडत मांडव पार करून आतल्या खोलीत गेलो. तिथे बायका तिची ओटी भरत होत्या.

"तू मला चार महिने फसवलंस," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं. हिरवा चुडा, मुंडावळ्या, आणि डोळे लाल.

"हो बाबा, फसवलं," ती म्हणाली. "पण उद्यापासून तुम्हाला भीती घालायला मी इथे नाही. तेव्हा आज रागावू नका. सांगलीला येऊन रागवा. स्टेशनापासून आमचं घर चालत येण्यासारखं आहे."

दिवाळीपर्यंत मी तीन वेळा सांगलीला गेलो. तिन्ही वेळा टांगा केला नाही, आणि तिन्ही वेळा रागवायचं राहून गेलं.